आत्याचे गप्प बसण्याचे दिवस

तळेगावच्या दवाखान्यात आत्याला शेवटचं भेटलो, तेव्हा डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केली होती, आणि ही बंदी आपल्याला कशी मुळीच जड जाणार नाही हे ती डॉक्टरांना सविस्तर समजावून सांगत होती. डॉक्टर तरुण होते, नवे होते. ऐकता ऐकता त्यांची नळी कानातच राहून गेली होती. "अहो, तीन तीन तास तोंडातून शब्द न काढता बसलेली बाई आहे मी," आत्या म्हणाली, "खोटं वाटत असेल तर विद्यापीठाला विचारा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाई तापात बोलतायत का, असा त्यांचा चेहरा होता. हे अगदी खरं आहे, असं मी मान हलवून सांगितलं... पण मान बहुधा भलत्याच दिशेनं हलली असावी, कारण डॉक्टरांनी लगेच तिचा ताप पाहिला.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्यांकडे फोन आला. आत्या पहाटे गेली. झोपेतच गेली, कुणाशी काही न बोलता. तिला ओळखणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकल्यावर पहिल्यांदा अविश्वासच दाखवला. आता महिना होत आला. भेटायला येणारे तिच्या बोलण्याच्याच गोष्टी सांगतात, आणि त्या सांगण्यासारख्या आहेतच. पण तिच्या न बोलण्याची गोष्ट सांगेल असा मी आणि आणखी एकच माणूस उरला आहे. तो माणूस माझ्यापेक्षा चांगली सांगेल, पण तो लिहिणार नाही. म्हणून मी लिहितो.

पासष्टच्या लढाईच्या सुमारास मी लोणावळ्याच्या एका लहानशा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो आणि वलवणच्या रस्त्याला आत्याकडे राहत होतो. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, रेल्वेत गार्ड होते. दिवसभर मी कॉलेजात मुलांना शिकवायचो की अमुक विधानावरून तमुक निष्कर्ष निघतो, आणि घरी आलो की आत्याच्या बोलण्यात कुठल्याही विधानावरून कुठलाही निष्कर्ष निघत असे. भाजीत मीठ कमी पडलंय का, असं विचारलं तर उत्तर तिच्या मावससासूच्या लग्नापासून सुरू व्हायचं, खंडाळ्याला वळसा घालायचं आणि मिठापाशी यायच्या आत माझं जेवण उरकायचं. दुसऱ्याचं चुकलेलं तर तिला क्षणभर सोसत नसे. कीर्तनकाराला तिनं भर कीर्तनात दुरुस्त केलेलं आहे. चातुर्मासात ती दरवर्षी मौनानं जेवायचा नेम धरी, आणि दरवर्षी त्या चार महिन्यांत जेवणाच्या वेळी घरात जास्तच आवाज होई. शब्द नसत, पण हुंकार असत, भुवया असत, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे बांगड्या असत. वरण वाढायला उशीर झाला तर त्या बांगड्या जे बोलत ते मला इथे लिहिता येणार नाही.

लढाई थांबल्यावर विद्यापीठाकडून कॉलेजांना कळवण्यात आलं की युद्धाची झळ लागलेल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरवर्गाला शक्य ती सर्व मदत करावी. आमच्या प्राचार्यांनी तत्काळ साहाय्य समिती नेमली. ती इतकी मोठी झाली की बैठकीला स्टाफरूममधल्या खुर्च्या पुरेनात. सर्वांत तरुण म्हणून मी चिटणीस झालो, म्हणजे खुर्च्या मी आणायच्या. मग झळ लागलेल्यांचा शोध सुरू झाला. पहिला अर्ज अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा आला. ते ब्लॅकआउटमध्ये गटारात पडले होते. तो अर्ज समितीनं सहानुभूतीपूर्वक बाजूला ठेवला, आणि ते आमच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. कॉलेजचे शिपाई भिकोबा यांचा मुलगा सरहद्दीवर होता. त्यांनी अर्ज केलाच नव्हता. प्राचार्यांनी आपल्या खोलीतला रेडिओ बातम्यांच्या वेळी त्यांच्या स्टुलाजवळ नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि तेवढा वेळ ते स्वतः घंटा द्यायचे. घंटा रोज चुकायची. मुलगा सुखरूप घरी आला तरी प्राचार्यांनी घंटा सोडली नाही, ही त्या उपक्रमातली एकच तक्रारीची बाब.

विद्यार्थी मात्र एकच निघाला. बबन. कामशेतच्या आत, नाणे मावळातल्या एका वाडीचा. चीनच्या वेळी कॉलेज अर्धं सोडून फौजेत गेला होता, आणि आता परत आला तो उजव्या हाताचा पंजा तिकडेच ठेवून. समितीनं त्याचा सत्कार केला. प्राचार्यांनी त्याच्या डाव्या हातात नारळ दिला, नारळावर शाल ठेवली आणि शालीवर चिक्कीचा डबा. लोणावळ्याचा माणूस आसपासच्या माणसाला कधी चिक्की देत नाही, पण समितीला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नव्हतं. अर्थात नारळ निसटला, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत गेला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे सभासद धावलो. बबन वरून शांतपणे बघत होता. मी धापा टाकत नारळ परत आणला तेव्हा तो म्हणाला, "सर, समिती लय चपळ हाय. फौजेत पायजे हुती." त्या दिवसापासून मला तो आवडायला लागला आणि समिती आवडेनाशी झाली.

त्याला समितीकडून एकच गोष्ट हवी होती. बी.ए.ची परीक्षा. कामशेतच्या शाळेचे हेडमास्तर त्याला घ्यायला तयार होते, पण पदवी पाहिजे म्हणत होते. घरी भाताची दोन खाचरं होती. एका हातानं धरायचा तो नांगर नव्हे. विद्यापीठानं त्याच्या बुडालेल्या टर्म भरून दिल्या, हजेरी माफ केली, पुण्याला खेपा नकोत म्हणून आमच्याच कॉलेजात वेगळ्या खोलीत परीक्षेची सोय केली आणि पेपर लिहायला लेखनिक घ्यायची परवानगी दिली. डाव्या हातानं तो गिरवत होता, पण त्याचं एकेक अक्षर अजून लाडवाएवढं येत होतं. लेखनिकाला अट अशी की तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा आणि त्यानं पेपर चालू असताना अवाक्षर काढू नये, खाणाखुणा करू नयेत. तसं आढळलं तर पेपर रद्द. आमच्या समितीत सगळे जास्त शिकलेले. कमी शिकलेले जे मिळाले त्यांचा वेग असा की एका पेपराला आठवडा लागला असता. शेवटी एका बैठकीत प्राचार्य मला म्हणाले, "तुमच्या आत्याबाई मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आहेत ना? अख्ख्या आळीची पत्रं झरझर लिहितात असं ऐकतो." मी त्यांना म्हणालो, की सर, अटीचा उत्तरार्ध पुन्हा एकदा वाचावा. पण ते आत्याला फक्त हळदीकुंकवाच्या ऐकीव माहितीवर ओळखत होते.

आत्याला विचारलं तेव्हा ती अर्धा तास बोलून शेवटी 'हो' म्हणाली. अण्णा नुकतेच ड्यूटीवरून येऊन पाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पेपर किती आहेत?" मी सांगितलं. "वाढवता येतील का, बघ ना विद्यापीठाला विचारून."

मग आमच्याकडे दुपारी सराव सुरू झाला. बबन पॅसेंजरनं कामशेतहून यायचा, ओटीवर भिंतीला टेकून बसायचा आणि डोळे मिटून उत्तर सांगायचा. आत्या पाटावर वही घेऊन लिहायची. पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्याला आत्या म्हणाली, "असं नाही रे ते."

"मावशी, तुमी लिवा फकस्त."

"लिहिते रे. पण तो तह आधी झाला होता."

"आसंल. पन परीक्षेत आसं बोललासा तर माजा पेपर जाईल की."

"परीक्षेत कशाला बोलेन? आता बोलतेय."

बबननं माझ्याकडे पाहिलं. तर्कशास्त्राच्या माणसानं यावर काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी. मी आत जाऊन पाणी प्यालो. पुढे तिनं लवंग दाताखाली धरून पाहिली, सुपारी धरून पाहिली. सुपारी तोंडात असूनही तिला जे सांगायचं ते तिनं सांगितलं, फक्त आम्हाला ते पुन्हा विचारावं लागलं. मी स्वतः वर्तमानपत्र वाचून तिला लिहायला घातलं. ती अग्रलेखाशी भांडली. अण्णांनी रेल्वेच्या नियमांचं पुस्तक आणलं, म्हणाले यात भांडण्यासारखं काही नाही, आणि सिग्नलच्या दुसऱ्या कलमावर नवराबायकोत अबोला झाला. तो संध्याकाळपर्यंत टिकला. सबंध सरावातली तेवढीच काय ती प्रगती. बबन संध्याकाळच्या गाडीला जायला निघाला तेव्हा मी त्याला सोडायला गेलो आणि म्हणालो, दुसरा कुणी बघू या का. तो म्हणाला, "न्हाई सर. मावशी माजं सांगनं ऐकत्यात म्हनून भांडत्यात. बाकीची मानसं हातावरचं फडकं बघत्यात, आन मग मी काय बी सांगितलं तरी मुंडी हालवत्यात."

परीक्षा एप्रिलात होती. भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि दाराशी पुण्याहून खास आलेले पर्यवेक्षक. उंच, सुकलेले, डोळ्यांवर दोन चष्मे आळीपाळीनं लावणारे गृहस्थ. आतली हकीकत मला पुढे आत्याकडून आणि बबनकडून वेगवेगळी कळली, आणि दोन्ही जुळल्या, हे आमच्या घराच्या इतिहासात तोवर झालं नव्हतं. पहिल्या पेपराला आत्या खरोखरच बोलली नाही. ओठ असे मिटले होते, की म्हणे पर्यवेक्षकांनी तिला पाणी हवंय का विचारलं. पण बबननं एका उत्तरात काहीतरी चुकीचं सांगितलं, आणि आत्याचा हात थांबला. नुसता थांबला असता तरी चाललं असतं. तो थांबल्यावर बांगड्या वाजल्या. बबननं वाक्य बदललं. हात पुन्हा चालू झाला. असं आणखी एकदा झालं, आणि पर्यवेक्षकांनी चष्मा बदलला. पेपर संपल्यावर ते आत्याला म्हणाले, "बाई, तुमच्या हातातून आवाज येतो आहे. पुन्हा आला तर मला वर कळवावं लागेल." वर म्हणजे विद्यापीठाला.

बाहेर आंब्याखाली मी डबा घेऊन उभा होतो. आत्या घाबरलेली दिसली, आणि घाबरलेली असल्यामुळे फार बोलत होती. बबननं तिला बोलू दिलं. मग म्हणाला, "मावशी, उद्यापासनं हात थांबवू नका."

"अरे, मी मुद्दाम नाही थांबवत. चूक लिहायला हात वळत नाही माझा."

"चूक माजी हाय न्हवं? माज्या नावावर लिवा की."

"ठाऊक असताना?"

"व्हय, ठाऊक आसताना." तो खाली बघत बोलत होता. "मावशी, उद्या शाळंत कुनी म्हनलं, ह्याला काय, ह्याला त्या बाईनं पास केला... तर मी काय दावनार? हात गेला म्हनून लोकांनी नोकरी द्यावी, आसं नको मला. डोकं हाय म्हनून द्यावी. नापास झालो तर आक्टोबरला पुन्यांदा बसंन. पन जे काय हुईल ते माजं हुंदे."

आत्या यावर काही बोलली नाही. मी हे मुद्दाम लिहितो, कारण मी तिथे होतो आणि डबा माझ्या हातात तसाच राहिला.

त्या संध्याकाळी प्रश्न आला बांगड्यांचा. काढून ठेव, असं मी म्हणालो मात्र, आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अण्णांच्या आयुष्यावरच उठलो आहे. अण्णा गार्डाच्या डब्यात आणि ही रिकाम्या हातांनी बसणार? शेवटी अण्णांनीच आपला रेल्वेचा मोठा हातरुमाल आणला आणि तिच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत सगळ्या बांगड्या घट्ट गुंडाळून दिल्या, गाठ मारली, आणि पार्सल रवाना करतात तसं वर दोनदा थोपटलं. सकाळी त्या हातासकट ती वलवणच्या रस्त्यानं कॉलेजात निघाली. अर्ध्या आळीनं विचारलं, हाताला काय झालं हो? एरवी प्रत्येकीला थांबून सांगितलं असतं, पण तिनं ठरवलं होतं की घरातूनच सुरुवात करायची. ती ओठ मिटून पुढे गेली. दुपारपर्यंत लोणावळ्यात बातमी अशी होती की अण्णांनी तिला मारलं. बिचारे अण्णा त्या दिवशी स्टेशनात चहा प्यायला गेले तर कुणी त्यांच्या टेबलावर बसेना. बबननं तो रुमाल बघितला आणि आपला उजवा हात, त्याच्यावरही फडकं असायचं, तिच्या हाताशेजारी धरला. "मावशी, आता कोन कुनाचं लिवनार?" आत्याला हसू आलं, तेही तिनं नाकातून सोडलं.

असे पेपर होत गेले. आत्या घरी येऊन राहिलेलं सगळं बोलून काढायची, त्यामुळे अण्णांचा हिशेब फसला. सकाळची शांतता संध्याकाळी व्याजासकट वसूल व्हायची. पण आतमध्ये हात थांबत नव्हता. बबन चुकला तरी ती त्याच वेगानं, त्याच वळणदार अक्षरात चूक लिहून काढत होती, आणि घरी आल्यावर त्या चुका मला एखाद्याच्या आजारासारख्या हळू आवाजात सांगायची.

शेवटचा पेपर इतिहासाचा. पानिपतच्या पराभवाची कारणं, हा प्रश्न होता. तो आमच्याकडे ओटीवर घोटून घोटून झाला होता. कारणं एकापाठोपाठ पाठ होती. बबननं प्रश्न वाचला आणि काही बोलेचना. आत्या पेन टेकवून बसली. पर्यवेक्षकांनी एक चष्मा लावला, मग दुसरा. अरे, सांग की, पहिलं कारण काय... एवढंच म्हणायचं होतं. आत्या मला म्हणाली, माधव, माझ्या घशात ते वाक्य असं आलं होतं की गिळताना दुखलं. पण तिनं पेन उचललं नाही की मान वर केली नाही. मग बबन बोलायला लागला, आणि ती पाठ केलेली कारणं नव्हतीच. थंडीत उघड्यावर पडलेली माणसं, मागून रसद येणार म्हणून वाट बघणं, आज येईल, उद्या येईल. रिकाम्या पोटी शिपाई आधी चिडतो, मग गप्प होतो, आणि गप्प झाला की त्याच्या सुभेदाराला भीती वाटायला लागते... असं सगळं तो नकाशांकडे बघत सांगत गेला. आत्याला लिहिता लिहिता पुढची ओळ दिसेना, तरी ती लिहीत होती. आणि अशा त्या उत्तराच्या शेवटी, सगळं नीट सांगून झाल्यावर, त्यानं सेनापतीचं नाव भलतंच सांगितलं. खरं नाव शाळेतल्या पोरालाही येतं. आत्याला तर ती सगळी घराणी तोंडपाठ.

तिनं ते लिहिलं. हात थांबला नाही, की हळू झाला नाही. खाली रेघ ओढली आणि पुढच्या प्रश्नासाठी पान उलटलं.

पेपर संपल्यावर पर्यवेक्षक बाहेर आले. व्हरांड्यात प्राचार्य होते, मी होतो, आणि अण्णाही आले होते, कारण आपण बायकोला मारत नाही हे त्यांना चारचौघांत दाखवायचं होतं. पर्यवेक्षक आत्याला नमस्कार करून म्हणाले, "बाई, इतकी वर्षं परीक्षा घेतोय, पण तुमच्याइतकी शांत स्वभावाची बाई मी पाहिली नाही." अण्णा कठड्यावर बसले. थोड्या वेळानं प्राचार्यांना म्हणाले, "साहेब, एवढं मला यांच्याकडून लेखी मिळेल का?"

घरी आल्यावर आत्या जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "भलत्याच माणसाला पानिपतावर पाठवून आले रे मी," म्हणाली. "माझ्या हातानं. आणि उत्तर इतकं चांगलं होतं..." मी तिला तर्कानं समजावलं की एका नावानं परीक्षा जात नाही. ती म्हणाली, तुझ्या तर्कानं आजवर काय गेलंय आणि काय राहिलंय ते ठाऊक आहे मला. निकाल लागेपर्यंत तिनं दर सोमवारी उपास केला. बबन पास झाला, दुसऱ्या वर्गात. तो पेढे घेऊन आला, आईलाही घेऊन आला. आई ओटीवर बसून आत्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बाई, माज्या लेकाचा गेलेला हात तुमी दिलासा." आत्या लगेच म्हणाली, "हात दिला हो, पण डोकं त्याचंच. विद्यापीठाला विचारा." पुढे ज्यानं त्यानं ऐकलेलं तिचं ते वाक्य हे असं सुरू झालं. पण पहिला वर्ग त्या एका नावानं गेला, हे तिचं मत शेवटपर्यंत कायम होतं. मी एकदा विचारलं, मग एवढी खंत होती तर एकदाच थांबवायचा होता हात. कुणाला कळलं असतं? "त्याला कळलं असतं," ती म्हणाली, आणि मला म्हणाली की तू शिकवतोस तरी काय रे त्या पोरांना.

दिवस झाल्यावर परवा मी कामशेतला उतरलो. बबन गेली पंचवीस वर्षं तिथल्या शाळेत इतिहास शिकवतो. आत्याचे दिवस चालू असताना रोज यायचा, कोपऱ्यात बसायचा. जाताना म्हणाला होता, सर, येकदा वर्गावर या. मी मागच्या बाकावर दोन वेण्यांच्या एका मुलीशेजारी बसलो. बाक माझ्या वयाला आणि आकाराला साजेसा नव्हता. बबन डावा हात टेबलावर ठेवून उभा होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उत्तर सांगत होती, छान सांगत होती, आणि मध्येच एका लढाईचं साल चुकली. चुकल्याचं तिलाही जाणवलं असावं, कारण ती थांबली आणि आढ्याकडे बघायला लागली. बबन काही बोलला नाही. वर्गात कुणीच बोललं नाही, हसलं नाही, बोट वर केलं नाही. बाहेरून एक मालगाडी निघाली, ती सगळी जाईपर्यंत मुलगी आढ्याकडे बघतच होती, आणि बबन तिच्याकडे नुसता बघत उभा. मला राहवेना. साल मला येत होतं, अगदी ओठावर होतं, आणि न कळत मी ते पुटपुटायला लागलो असेन...

शेजारच्या मुलीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "आजोबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "गप बसा. तिला येतंय."